घरच्या बास्केटबॉलचा बोर्ड बदलायचाय? आधी पोलामागे जाऊन उभे राहा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहाद्याच्या कॉलन्यांमध्ये ऊन कललं रे कललं की बॉल आपटण्याचा आवाज सुरू होतो. याच दिवसांत बोर्डही जातात. कुणाच्या बोर्डाला भोकापासून तडा जातो, कुणाचा उन्हाने पिवळा पडून ठिसूळ होतो, तर कुणाचा मे-जूनच्या वारा-वादळात पोलासकट आडवा होतो. पोल धडधाकट, रिंग धडधाकट, फक्त बोर्ड गेलेला. मग नवा बोर्ड शोधायला निघावं, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंची?"

तुम्ही उत्तर देता, बोर्ड येतो, आणि बसत नाही. आमच्या घरच्या पोलासाठी एका विक्रेत्याने 'युनिव्हर्सल आहे, कशालाही बसतो' असं सांगून पाठवलेला बोर्ड लांबी-रुंदीला अगदी बरोबर होता, पण मागच्या चौकटीशी त्याचं एकही भोक जुळत नव्हतं. परत घ्यायलाही तो तयार नव्हता. त्यानंतर फॅब्रिकेशनवाले, ॲक्रिलिकवाले, काचवाले अशा सगळ्यांकडे फिरून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. बोर्डाची निवड मागच्या बाजूने सुरू करायची असते: चौकटीची भोकं, रिंगची भोकं आणि पोलाची ताकद. समोरून दिसणारा आकार, रंग, पारदर्शकपणा हे सगळं त्यानंतर.

१. बोर्डच गेलाय ना, हे नक्की करा

रिंग खाली झुकली म्हणजे बोर्ड खराब झाला, असं धरून चालू नका. रिंगचे बोल्ट ढिले झाले असतील, रिंगमागची लोखंडी पट्टी वाकली असेल किंवा स्प्रिंगवाल्या रिंगची स्प्रिंग सैल झाली असेल. एकाला रिंग खाली-वर हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. रिंग आणि बोर्ड दोन्ही एकत्र हलत असतील तर दोष मागच्या चौकटीत आहे. फक्त रिंग हलत असेल तर पाना घ्या आणि बोल्ट आवळून बघा.

बोर्ड बदलायलाच हवा अशी लक्षणं वेगळी आहेत: बोल्टच्या भोकापासून निघालेली रेघ, बोटाने दाबल्यावर करकरणारा पृष्ठभाग, फायबरच्या बोर्डातून बाहेर आलेले काचेचे धागे (हे हाताला टोचतात, मुलांना लांब ठेवा), प्लायचे फुगून सुटलेले थर. नुसते ओरखडे असतील तर अजून एक मोसम सहज निघतो.

२. तुमचा पोल कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

चाकाचा पोल. खाली पाणी किंवा रेती भरायची प्लास्टिकची टाकी, मागे उंची कमी-जास्त करायची दांडी. असे पोल बहुतेक एखाद्या कंपनीचे असतात. टाकीवर किंवा पोलाच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबरचं स्टिकर असतं. ते उन्हाने उडालं असेल तर सोबत आलेलं माहितीपत्रक शोधा. त्यात सुट्या भागांचं चित्र असतं आणि बोर्डासमोर त्याचा पार्ट नंबर दिलेला असतो. हा नंबर मिळाला तर तुमचं अर्धं काम झालं.

जमिनीत गाडलेला पोल. आपल्याकडे हा बहुधा गावातल्याच वेल्डिंगवाल्याने जीआय पाईप आणि अँगल जोडून केलेला असतो. त्याला मॉडेल नंबर नाही, माहितीपत्रक नाही. जे आहे ते तुमच्या टेपवर. फायदा असा की चौकटीत बदल करायचा झाला तर तोच वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो.

भिंतीवरचा बोर्ड. इथे बोर्डाआधी भिंत बघा. गच्चीचा कठडा किंवा अर्ध्या विटेची भिंत असेल तर तिच्यावर जड बोर्ड चढवू नका. जुन्या धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीवर तर मुळीच नाही. रिंगला कोणी लटकलं की सगळा झटका वरच्या दोन बोल्टवर येतो आणि ते भिंतीतून प्लगसकट बाहेर येतात. पक्क्या विटेच्या भिंतीतही बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी.

३. मागून मापं घ्या (या पायरीला घाई नको)

आमच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे कोणीही नुसतं तोंडी माप घेऊन गेलं की ते मशीन बंद न करताच म्हणतात, "भाऊ, पहिले माप लई ये, मंग बोलू." ते बरोबरच आहे. बोर्ड, रिंग आणि मागची लोखंडी पट्टी असे तीन थर एकाच बोल्टवर बसतात. तिघांची भोकं एका रेषेत आली नाहीत तर बोल्ट आत जात नाही. जबरदस्तीने ठोकून घातला तर ॲक्रिलिक तिथेच तडकतं.

लागणारं सामान: स्टीलचा टेप, कूलर किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, मार्कर, पाने, गुण्या आणि हाताखाली एक माणूस. जाडी मोजायला व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडे असतोच.

पुठ्ठ्याचा साचा असा करायचा. जुना बोर्ड शाबूत असेल तर तो उतरवा, ओट्यावर पुठ्ठा अंथरा, त्यावर बोर्ड सपाट ठेवा आणि वरून प्रत्येक भोकातून पेन्सिल फिरवा. बोर्डाचे तुकडे झाले असतील तर पुठ्ठा थेट चौकटीवर समोरून धरा, दोन क्लिपांनी अडकवा आणि मागून चौकटीच्या भोकांतून तोच बोल्ट पुठ्ठ्यात दाबून आरपार काढा. भोक अचूक जागी पडतं. मग त्याच पुठ्ठ्यावर रिंगची पट्टी धरून तिचीही भोकं पाडा. साच्यावर मोठ्या अक्षरात 'समोरची बाजू' आणि 'वर' लिहा. हे लिहिलेलं नसेल तर कापणारा कारागीर साचा उलटा धरू शकतो, आणि वरची-खालची भोकं वेगळ्या अंतरावर असतील तर अख्खी शीट वाया जाते.

पुठ्ठा ओला झाला की ताणतो, म्हणून मापं कागदावरही उतरवा:

- चौकटीच्या भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर, केंद्रापासून केंद्रापर्यंत. केंद्र शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच अंतर मिळतं.
- दोन्ही कर्ण. ते सारखे नसतील तर चौकट वाकडी आहे. आधी ती सरळ करून घ्या.
- रिंगच्या भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर.
- चौकटीच्या खालच्या भोकांपासून रिंगच्या वरच्या भोकांपर्यंतचं अंतर. हे माप बहुतेक जण विसरतात, आणि बोर्ड परत पाठवावा लागतो तो बहुधा याच्याचमुळे.
- बोल्टची जाडी, बोर्डाची जाडी आणि बोल्टची लांबी.
- बोर्डाच्या पाठीमागे उंची बदलणारी दांडी किंवा स्प्रिंग किती जवळ येते ते.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त. पातळ प्लास्टिकचा बोर्ड काढून लोखंडी चौकटीतला बोर्ड बसवला की चौकट मागे एक-दीड इंच तरी जाते. पोल खाली-वर करताना दांड्या तिला घासतात किंवा अडकतात. म्हणून पोल सगळ्यात खालच्या उंचीवर आणून, त्याच स्थितीत मागची मोकळी जागा मोजा.

इंच आणि मिलिमीटर एकत्र करू नका. बाहेरून आलेल्या पोलांची आणि रिंगांची भोकं इंचात असतात. रिंगसाठी ५ × ५ किंवा ५ × ४ इंच ही अंतरं बऱ्याचदा दिसतात. ५ इंच म्हणजे १२७ मिमी. कारागिराने ते 'सव्वाशे' धरलं तर २ मिमीचा फरक पडतो. लोखंडात तो कानस मारून निघतो, पण टफन (भट्टीत तापवून कडक केलेल्या) काचेत काढायची सोयच नाही. बोल्टचंही तसंच. ३/८ इंची बोल्ट साडेनऊ मिमीचा असतो. त्याच्यासाठी पाडलेल्या भोकात १० मिमीचा बोल्ट घुसवायला जाऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात 'तीन सूत' म्हणून मागा, ३/८ चाच मिळतो.

नवा बोर्ड जुन्यापेक्षा जाड असेल तर बोल्ट लांब लागतील. लांबी काढताना बोर्ड, रिंगची पट्टी, मागची पट्टी, दोन्ही वॉशर आणि नट या सगळ्यांची जाडी मिळवा आणि वर दोन-तीन आटे शिल्लक राहतील एवढा बोल्ट घ्या.

४. आकार ठरवा, पण वाऱ्याला विचारून

नियमाचा पूर्ण बोर्ड १.८० × १.०५ मीटर असतो, म्हणजे साधारण ७२ × ४२ इंच. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर आणि बोर्डाच्या खालच्या कडेपासून १५ सेंमी वर असते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी. घरच्या पोलांवर मात्र ४४, ४८, ५०, ५४, ६० इंच रुंदीचे बोर्ड जास्त दिसतात. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला रिंग २.६० मीटरवर असते, त्यामुळे घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर उंची बदलणारी यंत्रणा नव्या बोर्डाच्या वजनाने अडणार नाही याची खात्री आधी करा.

'बदलतोच आहोत तर मोठाच घेऊ' हा मोह सगळ्यांना होतो. पण आपल्याकडचा वारा साधा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा कशा झोपतात हे आपण पाहतोच.

हिशेब करून बघू. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात सपाट फळीवर दर चौरस मीटरला सुमारे २९ किलोचा जोर येतो. ४८ × ३२ इंची बोर्ड जवळजवळ एक चौरस मीटरचा, म्हणजे त्याच्यावर २९ किलो. पूर्ण मापाच्या बोर्डावर ५५ किलोच्या आसपास. हा जोर जमिनीपासून सव्वातीन मीटर उंचीवर लागतो, म्हणून लहान बोर्डालाही पोल उलटवणारी ताकद २९ × ३.३, म्हणजे जवळपास ९५ (किलो गुणिले मीटर) होते. आता चाकाच्या पोलाची भरलेली टाकी १३० किलोची आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंत ६० सेंमी धरा. ती रोखून धरते फक्त ७८. म्हणजे लहान बोर्ड असूनही वादळात पोल उलटतो. मोठा बोर्ड लावला तर बऱ्याच कमी वाऱ्यात उलटेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही लक्षात असू द्या.

म्हणून चाकाच्या पोलावर कंपनीने दिला होता त्याच आकाराचा बोर्ड लावा, एक इंचही मोठा नको. टाकीत पाण्याऐवजी कोरडी रेती भरा. तेवढ्याच जागेत ती दीडपट जड भरते. आभाळ काळं झालं की पोल आपणहून आडवा करून ठेवा. गाडलेल्या पोलावर मोठा बोर्ड चालू शकतो, पण पाईप किती इंची, खाली काँक्रीट किती खोल आणि काळ्या मातीत गाडलाय का, हे वेल्डिंगवाल्याला दाखवूनच ठरवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. उथळ पाया तिच्यात दोन-तीन वर्षांत कलतो.

५. बोर्ड कशाचा घ्यावा

आधी वजनं बघा, कारण पोलाला तीच पेलायची आहेत. ४८ × ३२ इंची बोर्ड ४ मिमी पॉलीकार्बोनेटचा असेल तर पाच किलोच्या आत बसतो. १० मिमी ॲक्रिलिकचा सुमारे १२ किलो, १९ मिमी प्लायचा १२ ते १४ किलो, ३ मिमी लोखंडी पत्र्याचा २३ किलो, १० मिमी काचेचा २५ किलो. पूर्ण मापाची १२ मिमीची काच ५७ किलोच्या घरात जाते, आणि तिची लोखंडी चौकट त्याहून वेगळी.

पॉलीकार्बोनेट. घरच्या चाकाच्या पोलांवर बहुतेक हेच असतं. हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही, पण पातळ असल्याने दबतं आणि बॉल त्याच्यावरून मेल्यासारखा परत येतो. आपल्या उन्हात याची खरी अडचण म्हणजे पिवळेपणा. शीटला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असेल तरच घ्या, आणि हा थर बऱ्याच शीटना एकाच बाजूला असतो. वरच्या संरक्षक फिल्मवर कुठली बाजू उन्हाकडे ठेवायची ते छापलेलं असतं. फिल्म काढून टाकल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून काढण्याआधी कोपऱ्यात मार्करने खूण करा.

ॲक्रिलिक. गाडलेल्या पोलासाठी माझी पहिली पसंती हीच. उन्हाने सहसा पिवळं पडत नाही, १० ते १२ मिमी जाडीत बॉलला चांगली उसळी देतं आणि नेमप्लेट, अक्षरं कापणाऱ्यांकडे तालुक्याच्या गावीही मिळतं. पण ते ठिसूळ असतं आणि मागे चारी बाजूंनी चौकट मागतं.

त्याचा मोठा शत्रू तापमानातला फरक. जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळला पंचेचाळिशी गाठतो, आणि उन्हात उभा बोर्ड हवेपेक्षाही जास्त तापतो. ॲक्रिलिक दर मीटरला, दर अंशाला ०.०७ मिमी वाढतं. लोखंड त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाने. ४५ अंशांच्या फरकात, ९० सेंमी अंतरावरच्या दोन बोल्टांमध्ये ॲक्रिलिक पावणेतीन मिमी पसरतं, मागची लोखंडी चौकट अर्धा मिमी. हा सव्वादोन मिमीचा फरक कुठेतरी जिरायला हवा. बोल्ट भोकात गच्च बसलेला असेल तर तो ॲक्रिलिकमध्ये तडा होऊन जिरतो. वापर कमी असतानाही भोकापासून तडे निघाले, तर बऱ्याचदा कारण हेच असतं.

उपाय सोपा आहे: ८ मिमीच्या बोल्टला ११ मिमीचं भोक, वर मोठा वॉशर, वॉशरखाली रबर. कारागिराला हे ठणकावून सांगा, नाहीतर तो सवयीने घट्ट भोक पाडतो. भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत असावं. लोखंडासाठी धार लावलेला ड्रिल बिट ॲक्रिलिकला ओढून घेतो आणि बाहेर पडताना कपचा उडवतो. प्लास्टिकचा बिट, खाली लाकडी फळी आणि कमी वेग हे तिन्ही हवेत.

टफन काच. खेळायला सगळ्यात सरस. नियमाचे बोर्ड आज काचेचे असतात ते याच कारणाने. पण काच टफन झाल्यावर तिला भोक पाडता येत नाही. पाडायला गेलं की अख्खी काच क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. भोकं आधी, भट्टी नंतर. म्हणून पुठ्ठ्याचा साचा दिल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका. भोकात नायलॉनचं किंवा रबराचं बुश (बोल्टभोवती बसणारी नळी) हवं. लोखंड काचेला थेट टेकता कामा नये. आणि रिंग काचेला लटकवायची नाही, मागच्या लोखंडी चौकटीलाच जोडायची. मोठ्या स्पर्धांतल्या खांबांवरही रिंगचा झटका थेट काचेवर येणार नाही अशीच रचना असते. चाकाच्या पोलावर काच लावायचा विचार सोडून द्या.

मरीन प्लाय आणि फायबर. कॉलनीतली वीस-पंचवीस पोरं रोज खेळणार असतील तर हे दोन पर्याय सगळ्यात समंजस. प्लायवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) हा शिक्का बघा. नुसतं 'वॉटरप्रूफ आहे' हे बोलणं पुरेसं नाही. कापल्यावर कडा आणि भोकांच्या आतली बाजू आधी प्रायमरने, मग ऑइल पेंटने बंद करा, कारण पाणी समोरून शिरत नाही, कडेतून शिरतं. फायबरचा बोर्ड घेताना मागची बाजू हाताने चाचपून बघा. तिथे आडव्या-उभ्या पट्ट्या नसतील तर तो वर्षभरात पोटात येतो.

नुसता लोखंडी पत्रा मी सुचवणार नाही. जड, मे महिन्यात हात लावता येत नाही असा तापणारा, आणि दुपारी शेजाऱ्यांची झोप मोडणारा.

६. कुठून घ्यायचा आणि काय सांगायचं

कंपनीचा पोल असेल तर आधी तिच्याच ग्राहक सेवेला मॉडेल नंबर आणि पार्ट नंबर कळवा. सुटा बोर्ड मिळाला तर बाकी काही शोधू नका. मॉडेल बंद झालं असेल तर तयार बोर्ड बघा. खेळाच्या सामानाचा मोठा व्यापार मेरठ आणि जालंधरकडून चालतो, त्यामुळे आपल्या गावातल्या क्रीडा साहित्याच्या दुकानातही माल बहुधा मागवूनच येतो. ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला भोकांचं रेखाचित्र मागा. 'स्टँडर्ड आहे' असं उत्तर आलं आणि आकडे मिळाले नाहीत, तर पैसे भरू नका.

तिसरा मार्ग म्हणजे इथेच कापून घेणं, आणि गाडलेल्या पोलासाठी मला हाच योग्य वाटतो. नेमप्लेट-साइनबोर्डवाल्यांकडे राउटर (फिरत्या पात्याने कापणारं मशीन) किंवा लेझर असतो. ॲक्रिलिक दोन्हींवर कापता येतं. पॉलीकार्बोनेट मात्र लेझरवर करपतं, त्याला राउटरच हवा. शीटच्या मापाचाही फायदा घ्या. ६ × ४ फुटी शीटमधून पूर्ण मापाचा ७२ × ४२ इंची बोर्ड निघतो. ८ × ४ फुटी शीटमधून ३२ इंचांचे तीन बोर्ड निघतात, फक्त पात्यात जाणारे दोन-तीन मिमी सोडायचे. कॉलनीत आणखी दोघांचे बोर्ड गेले असतील तर एकत्र शीट घ्या, खर्च तिघांत वाटला जातो.

सोबत हे असू द्या: पुठ्ठ्याचा साचा, मापांचा कागद, जुन्या बोर्डाचे समोरून-मागून-बाजूने काढलेले फोटो, मॉडेल नंबरचा फोटो, जुनं बिल किंवा वॉरंटी कार्ड असेल तर ते, आणि एक खरा बोल्ट खिशात. बोल्ट हातात दिला की बोलण्यातले निम्मे गैरसमज मिटतात.

माल ट्रान्सपोर्टने येणार असेल तर 'डोअर डिलिव्हरी' की 'गोडाऊन डिलिव्हरी' हे आधी विचारा. गोडाऊन असेल तर छोटा हत्ती तुम्हालाच सांगावा लागेल. ॲक्रिलिक आणि काच टेम्पोत आडवी झोपवून आणू नका. कडेवर उभी, मागे फळी देऊन, दोरीने बांधून आणा. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी पॅकिंग उघडा. तडा दिसला तर बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर तसा शेरा लिहा आणि तिथेच फोटो काढा. शेरा न लिहिता सही केली तर नंतर विक्रेता ट्रान्सपोर्टकडे बोट दाखवतो आणि ट्रान्सपोर्टवाला विक्रेत्याकडे.

७. बसवताना

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर बसवा. दुपारच्या तापलेल्या बोर्डाची भोकं थंड चौकटीच्या मापाशी जुळत नाहीत. वर चढण्याआधी बोर्ड, रिंग आणि मागची पट्टी हे तिन्ही खाली जमिनीवर जुळवून सगळे बोल्ट एकदा हाताने घालून बघा. संरक्षक फिल्म भोकांभोवतीच सोलायची. बाकी बोर्ड उभा राहिल्यावर, पण त्याच दिवशी. उन्हात आठवडाभर राहिली तर ती भाजून चिकटते.

दोन माणसं शिडीवर, एक खाली. आधी चौकटीचे चारही बोल्ट नुसते अडकवा, मग रिंगचे. लेव्हल पाहून कर्णावरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. नायलॉन नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा. आटे जाम करणारं रसायन पॉलीकार्बोनेट-ॲक्रिलिकजवळ वापरू नका, त्याने तडे जातात. थिनर, पेट्रोल, पाईप जोडायचं सोल्युशन यांचंही तेच. रंगाचा डाग पडला म्हणून थिनरचा बोळा फिरवला तर बोर्डाला जाळीदार तडे येतात. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं पुरतं.

वॉशरखालचं रबर किंचित दबलं की थांबा. 'अजून एक वेढा' देणाऱ्या मदतनिसाला तिथेच अडवा.

मधला चौकोन रंगवायचा असेल तर तो नियमाने ५९ × ४५ सेंमीचा असतो, ५ सेंमी जाड रेघेचा, आणि त्याच्या खालच्या रेघेची वरची कड रिंगच्या पातळीला येते. पारदर्शक बोर्डावर पांढरा, पांढऱ्या बोर्डावर काळा. लहान बोर्डावर चौकोन त्याच प्रमाणात छोटा करा, पण रिंगशी असलेलं नातं तेच ठेवा, म्हणजे मुलांची नजर शाळेच्या मैदानावरही कामी येते.

८. पहिला महिना

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा तपासा. रबर बसतं आणि नट किंचित सैल होतात. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर परत बघा, आणि दर वर्षी एकदा एप्रिलमध्ये. भोकाशी केसासारखी रेघ दिसली तर त्या बोल्टचं भोक ताबडतोब मोठं करून घ्या. रेघेच्या टोकाला ३ मिमीचं गोल भोक पाडलं तर तडा बहुधा तिथेच थांबतो, पण तो बोर्ड त्यानंतर लहान मुलांच्याच खेळापुरता ठेवा. मोठ्यांनी रिंगला लटकायचं नाही.

मापांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलाच्या मागे, सावलीच्या बाजूला टेपने चिकटवा. जुन्या ॲक्रिलिकचे मोठे तुकडे भंगारात देऊ नका. नव्या बोर्डाचं भोक पाडण्याआधी कारागिराला त्या तुकड्यांवर एकदा ड्रिल चालवून दाखवायला सांगा.